‘देवाचा हेतू’ कुणी बोलायचा आणि कधी? कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, २०१९ ते २०२२ या काळात घडलं. त्या काळात मी मंडळीचा एल्डर, म्हणजे पाळकांबरोबर मंडळीचा कारभार पाहणारा वडील, होतो. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. ज्यांचं हे प्रकरण त्यांना ‘दादा’ आणि ‘वहिनी’ म्हणतो. मंडळीत सगळे त्यांना तसंच म्हणायचे. आमच्या हातून झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण त्या गाळल्या तर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

पार्श्वभूमी

दादा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर सुपरवायझर होते. वय ४४. घरात वहिनी, दहावीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. धाकटा भाऊ वेगळा राहायचा, स्वतःचा टेम्पो चालवायचा. कुटुंब चौथ्या पिढीचं ख्रिस्ती. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि पुढे शाळा, दवाखाने, मंडळ्या उभ्या राहिल्या. दादांचे पणजोबा त्यातल्याच एका शाळेत शिकले. रविवारच्या उपासनेत दादा ढोलकीवर असायचे, आणि नाताळच्या गायनफेरीत रात्री दोनपर्यंत सगळ्यांत पुढे.

रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला होता. भट्टीजवळच्या कामात घाम येतो, डोकं दुखतं, म्हणून त्यांनी तो कधी मनावर घेतला नाही. २०१८ च्या दिवाळीनंतर पायांवर सूज आली, अंगाला खाज सुटली, जेवण जाईना. तपासणीत दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाल्याचं निघालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, असं डायलिसिस सुरू झालं. मुलीची बोर्डाची परीक्षा एका महिन्यावर होती.

अडचण

आजार ही अडचण होतीच. पण या लेखाचा विषय त्याच्या शेजारी उभी राहिलेली दुसरी अडचण आहे, आणि ती आम्ही तयार केली.

डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी दादांच्या घरी घरप्रार्थना ठेवली. पंचवीस-तीस माणसं आली. चहा झाला, गीतं झाली, आणि मग एकेकाने बायबलातलं वचन वाचायला सुरुवात केली. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, अठ्ठाविसावं वचन (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे) तीन जणांनी वाचलं. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं ‘हिताचे संकल्प’ दोघांनी. एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, “दादा, देव ज्याच्यावर जास्त प्रीती करतो त्यालाच भट्टीत घालतो. यामागं देवाचा फार मोठा हेतू आहे.” मीही मान डोलावली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “हेतू मोठा आहे म्हणता. मग माझ्या पोरीची दहावी लहान आहे काय?”

कुणी उत्तर दिलं नाही. कुणीतरी पुढचं गीत सुरू केलं. त्या रविवारपासून वहिनी उपासनेला आल्या नाहीत. पाळकसाहेब भेटायला गेले तर म्हणाल्या, “मी दमलो, साहेब. तिथं आलो की परत सगळ्यांना ‘देव चांगला आहे’ म्हणून दाखवायला लागतं.” (कोल्हापुरात बायकाही ‘दमलो’, ‘आलो’च म्हणतात, म्हणून त्यांचे शब्द तसेच ठेवले आहेत.)

अडचणीचा तिसरा भाग पैशाचा. दादांचा पगार २१,००० रुपयांच्या वर गेलेला असल्यामुळे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड बंद झालं होतं. खासगी केंद्रात एका वेळचे १,५०० रुपये, वर इंजेक्शनं. मंडळीने वर्गणी काढली, फाउंड्रीतल्या मित्रांनीही काढली. सहा आठवडे आम्ही पैसे गोळा करत होतो. घरात केशरी रेशनकार्ड आहे आणि महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. ते सांगितलं शेजारच्या खुर्चीवर डायलिसिस घेणाऱ्या एका रिक्षावाल्याने. मग वहिनी योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात गेल्या, तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटल्या आणि आठ दिवसांत काम झालं. त्या सहा आठवड्यांत आम्ही त्या घरात अकरा वेळा प्रार्थना केली होती. वहिनींनी नंतर तो आकडा मला सांगितला.

समोर असलेले पर्याय

एप्रिलपर्यंत कुटुंबापुढे आणि मंडळीपुढे तीन वाटा होत्या.

पहिली वाट चंगाई सभेची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होतात म्हणणाऱ्या सभेची. दादांच्या मावसबहिणीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सभेचा आग्रह धरला. तिथे लोक बरे होतात, पण औषधांवर टेकणाऱ्याचा विश्वास अर्धा असतो, असं तिला सांगितलेलं होतं. दादांच्या मनात चलबिचल होती, आणि ती साहजिक आहे. आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेणाऱ्या माणसाला कुणी ‘एकदाच, आणि कायमचं’ म्हटलं तर तो ऐकणारच.

दुसरी वाट प्रत्यारोपणाची. वहिनींचा रक्तगट जुळत नव्हता, आईचं वय झालं होतं, मुलगी अल्पवयीन असल्यामुळे कायद्यानेच बाद. राहिला धाकटा भाऊ. त्याचा रक्तगट जुळत होता.

तिसरी वाट म्हणजे डायलिसिस नेमाने चालू ठेवायचं, पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं आणि थांबायचं. थांबणं आम्हा मंडळीच्या लोकांना जमत नाही. आम्हाला साक्ष (देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं) हवी असते, आणि साक्षीला शेवट हवा असतो.

पहिला निर्णय: चंगाई सभा

इथे पाळकसाहेबांनी जे केलं ते मला आजही योग्य वाटतं. त्यांनी मनाई केली नाही. दादांना एवढंच सांगितलं की जायचं तर डायलिसिस नसलेल्या दिवशी जा, गोळ्या बरोबर ठेव, आणि एकही पाळी चुकवू नकोस. मग त्यांनी बायबलातली आजारी हिज्कीया राजाची गोष्ट वाचली. देवाने त्याला आणखी पंधरा वर्षांचं आयुष्य देतो असं वचन दिलं, आणि त्यानंतरही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. वचन आणि लेप एकाच अध्यायात आहेत.

पाळकसाहेबांनी आणखी एक आठवण करून दिली. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिशनचं रुग्णालय उभारलं. आपल्या कितीतरी घरांतली माणसं तिथे जन्मली, तिथेच नर्स झाली. औषधाला अविश्वास म्हणायचं झालं तर आपल्या आज्यांच्या सगळ्या आयुष्यालाच अविश्वास म्हणावं लागेल.

दादा गेले. गर्दीत चार तास बसले. स्टेजजवळच्या एका स्वयंसेवकाने गोळ्यांची पिशवी पाहून ‘ही इथेच टाका’ म्हटलं, तेव्हा उठून एसटी स्टँडवर आले. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला हजर होते. “प्रार्थना चांगली झाली,” एवढंच म्हणाले. त्या दिवसाबद्दल मी त्यांना वाईट बोलताना कधी ऐकलं नाही.

दुसरा निर्णय: भावाचं मूत्रपिंड

हा निर्णय आम्ही बिघडवला, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

भाऊ आधी हो म्हणाला. पहिल्या तपासण्याही झाल्या. मग जूनमध्ये त्याने नाही म्हटलं. त्याची दोन मुलं लहान होती, टेम्पोचे हप्ते चालू होते, बायको घाबरली होती. कायदा याबाबतीत स्पष्ट आहे: देणाऱ्याची संमती दडपणाशिवाय असली पाहिजे, आणि शेवटच्या क्षणापर्यंत तो माघार घेऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर देणाऱ्याशी एकांतात बोलतात.

पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत मी उभा राहिलो. “प्रभू, आमच्या धाकट्या बंधूचं अंतःकरण मऊ कर, तुझ्या इच्छेला आज्ञाधारक होण्याची कृपा त्याला दे,” अशी प्रार्थना मी सगळ्या मंडळीसमोर केली. भाऊ तिसऱ्या बाकावर होता, त्याच्या मांडीवर धाकटा मुलगा. मंडळी मोठ्याने ‘आमेन’ म्हणाली. तो प्रभुभोजनाआधीच उठून गेला, आणि पुढे दीड वर्ष दादांच्या घरी पाऊल टाकलं नाही.

दादांनी मला संध्याकाळी बोलावून घेतलं. ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, “एल्डर, किडनी माझ्या भावाची होती. तुम्ही ती देवाच्या नावानं मागितलीत. आता त्यानं दिली असती तरी मला घेता आली नसती.”

मी घरी येऊन बायबलातली योसेफाची गोष्ट पुन्हा वाचली. लहानपणापासून शिकवत आलेली गोष्ट. योसेफ सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि विकलं. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन. म्हणजे ‘देवानेच मला तुमच्या आधी इकडे पाठवलं’ हे वाक्य विहिरीनंतर सुमारे बावीस वर्षांनी येतं. आणि ते भावांना बोलतो योसेफ स्वतः. विहिरीच्या काठावर बसून भाकर खाणाऱ्या भावांपैकी कुणी खाली वाकून त्याला म्हटलं असतं की ‘अरे, यात देवाचा हेतू आहे’, तर ते शब्द खरे असूनही ऐकवले नसते. आम्ही दादांच्या काठावर बसलो होतो, आणि भावाच्याही.

पूर

ऑगस्ट २०१९ कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी पन्नाशीच्याही पुढे गेलं. दादांचं घर नदीकडच्या सखल भागात. सोमवारी, ५ तारखेला रात्री घरात पाणी शिरलं. शेजारच्या तालमीच्या पोरांनी दादांना खुर्चीसकट उचलून ट्रॅक्टरवर बसवलं आणि उंचावरच्या आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये आणून सोडलं. त्यांच्यातलं कुणी ख्रिस्ती नव्हतं. त्या पोरांनी हेतूबद्दल काही विचारलं नाही, गोळ्यांची पिशवी मात्र आठवणीने डोक्यावर धरून आणली.

मंगळवारचं डायलिसिस झालं नाही. हे का अवघड होतं ते समजून घ्यायला हवं. डायलिसिसच्या एका पाळीत मशीनमधून १०० लिटरहून जास्त शुद्ध केलेलं पाणी जातं. पंपिंग स्टेशनं पुराखाली गेल्यामुळे शहराचे नळ बंद होते. चहूकडे पाणी, आणि डायलिसिसला पाणी नाही. दादांनी स्वतःला दिवसाला एका ग्लासावर आणलं होतं, तरी बुधवारी रात्री त्यांना आडवं झोपता येईना. दम लागायचा. भिंतीला टेकून ते बसून राहिले. वहिनींना दोन रात्रींची झोप नव्हती, म्हणून मी आणि पाळकसाहेब आळीपाळीने शेजारी बसलो.

रात्री दोनच्या सुमारास दादा मला म्हणाले, “वाचा काहीतरी. पण हेतूचं नको.”

मी गोंधळलो. मला तसलंच पाठ होतं. पाळकसाहेबांनी माझ्या हातातून बायबल घेतलं आणि स्तोत्र ८८ काढलं. त्या स्तोत्रात माणूस देवाला रात्रंदिवस हाक मारतो आणि उत्तर येत नाही. ते संपतं तेही अंधारातच. पाळकसाहेबांनी ते संपूर्ण वाचलं आणि तिथेच पुस्तक मिटलं. दुसरं, उजळ स्तोत्र जोडलं नाही. दादा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “हे बायबलात आहे व्हय?” आणि रडले. आजार सुरू झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. भिंतीपलीकडून वहिनी उठून आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या. देवाबद्दलचं काही त्या दोघांनी एकत्र ऐकलं ते सहा महिन्यांनी त्या रात्री.

गुरुवारी टँकरचं पाणी मिळाल्यावर केंद्र सुरू झालं. सगळ्यांना मिळावं म्हणून चार तासांची पाळी अडीच तासांवर आणली होती. दादांनी आपल्यानंतरच्या म्हाताऱ्या आजींना आधी बसू दिलं. ते धोक्याचं होतं, डॉक्टर रागावले. मीही रागावलो असतो, पण मला ते उशिरा कळलं.

परिणाम

पुरानंतर पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर सलग पाच रविवार उपदेश केला. सुरुवात अठराव्या वचनापासून केली. आधी सृष्टी कण्हते, मग आपण कण्हतो, मग आत्मा शब्दांविना कण्हतो, आणि त्यानंतर अठ्ठाविसावं वचन येतं. आम्ही वर्षानुवर्षं त्या कण्हण्यावरून उडी मारत आलो होतो. यिर्मयाचं पत्रही त्यांनी पूर्ण वाचलं: ‘हिताचे संकल्प’ हे शब्द बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना लिहिले आहेत, आणि आदल्याच वचनात त्यांच्या परतीसाठी सत्तर वर्षांचा आकडा आहे. ते पत्र ज्या म्हाताऱ्यांनी ऐकलं ते परत यरुशलेम पाहणार नव्हते. तरीही त्यांना घरं बांधा, बागा लावा असं सांगितलं होतं. दुसऱ्या रविवारी वहिनी शेवटच्या बाकावर होत्या.

भावाकडे मी आणि पाळकसाहेब डिसेंबर २०२० मध्ये गेलो. उशिरा गेलो, लॉकडाऊनचं कारण मी सांगू शकतो, पण खरं कारण माझी लाज. मी माफी मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मी रोज देवाला विचारतो, मी चुकलो काय म्हणून. तुम्ही सगळ्यांनी आमेन म्हटल्यापासून त्याचा आवाज मला तुमच्यासारखाच वाटतो.” माफी मिळाली असं मला त्या दिवशी वाटलं नाही. नाताळच्या आठवड्यात तो दादांच्या घरी गेला.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली. या वेळी मंडळीकडे एक वही होती: कुणाच्या घरी डायलिसिस, कुणाला इन्सुलिन, कुणाला ऑक्सिजन, कोण किती फुटांवर हलायला हवं. ती वही दादांनीच डायलिसिसच्या खुर्चीवर बसून, मोकळ्या उजव्या हाताने लिहिली होती. पाणी इशारा पातळीला लागायच्या आधीच त्यांना केंद्राजवळच्या एका घरी हलवलं. एकही पाळी चुकली नाही. नेलं भावाच्या टेम्पोतून.

त्या नाताळात दादांनी साक्षीसाठी पाच मिनिटं मागितली. दीड मिनिटात बसले. म्हणाले: “तीन वर्षं झाली, हेतू मला कळलेला नाही. मशीन सुरू झालं की मी विचारायचो, देवा, आहेस ना? कधी उत्तर ऐकू आलं नाही. पण पुढच्या मंगळवारी परत त्यालाच विचारावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही. एवढंच सांगायचं होतं.”

फेब्रुवारी २०२२ मध्ये हृदय थांबून ते गेले. यादीत नाव होतं, मूत्रपिंड आलं नाही.

आज वेगळं काय करू

पहिल्या भेटीत वचन न्यायचं की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. एक एल्डर ठामपणे म्हणतात की आम्ही उपवास-प्रार्थनेत कमी पडलो, आणि वचन न देणं हा भित्रेपणा आहे. मी त्यांचा आदर करतो. दादांसाठी त्यांनी खरोखर चाळीस दिवस उपवास केला होता. माझं मत असं की वचन जाऊ दे, पण विलापाचं आधी जाऊ दे. बायबलातल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस-सात रात्री गप्प बसून जे केलं ते बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. देवाने शेवटी ज्यांना दोष दिला ते ईयोबाला देवाची बाजू समजावून सांगणारेच होते. आणि ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, हे मी रविवारच्या शाळेत कधी शिकवलंच नव्हतं.

माणसाच्या नावाने जाहीर प्रार्थना करायची तर आधी त्याला विचारायचं, हा नियम सेशनने, म्हणजे पाळक आणि एल्डरांच्या सभेने, लिहून ठेवला आहे. शरीराचा अवयव, लग्न, जमिनीची वाटणी, नोकरी सोडणं यांबाबत ‘देवाची इच्छा’ हा शब्द दुसऱ्याच्या वतीने वापरायचा नाही, हेही. दुसऱ्या नियमाला दोघांचा विरोध नोंदला गेला.

आणखी एक गोष्ट मला खटकते. वहिनी सहा महिने उपासनेला आल्या नाहीत तेव्हा आम्ही ‘विश्वासात कमजोर झाल्या’ असं म्हणत होतो. त्या काळात त्या पहाटे साडेचारला उठून मीठ कमी, पाणी कमी, पालेभाजी दोनदा उकळून पाणी ओतलेली, असा वेगळा डबा करायच्या; दिवसाकाठी पाण्याचा घोट न् घोट मोजायच्या; तांबड्या रश्श्याच्या वासाने दादा कासावीस होतात म्हणून घरात मटण करायचं त्यांनी सोडलं होतं. त्याला आम्ही भक्ती म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, आणि ते त्यांना ऐकू जाईल असं म्हणायला हवं होतं.

आता आजाराची बातमी आली की लोक वहिनींना बोलावतात. “तुमची साक्ष सांगा, देवाचा हेतू कसा कळला ते सांगा,” म्हणतात. त्या जातात. मागच्या महिन्यात एका घरी मी त्यांच्याबरोबर होतो. नवरा नुकताच डायलिसिसवर गेलेला, बायको बोलायच्या अवस्थेत नव्हती. वहिनींनी सोबत आणलेला डबा ओट्यावर ठेवला, तिच्याशेजारी खाली बसल्या, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, “रेशनकार्ड कुठल्या रंगाचं आहे गं तुमचं?”